नववं आदण

मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते, ज्वालामुखी आणायचा नाही. खायच्या सोड्यात व्हिनेगर ओतलं की फेस येतो, हे आता बावड्यातल्या प्रत्येक घराला माहीत झालंय. छपरावरचं पाणी टाकीत सोडणारं पुठ्ठ्याचं घर नको. दुकानात तयार मिळणारी सूर्यमाला तर मुळीच नको. एका वर्षी तसल्या सूर्यमालेतला गुरू परीक्षक यायच्या पाच मिनिटं आधी सुटून कुठेतरी घरंगळत गेला. ज्याची सूर्यमाला होती त्याने त्या तारेला लिंबू टोचलं. परीक्षकांच्या काही लक्षात आलं नाही आणि त्याला दुसरा नंबर मिळाला. तेव्हापासून मी दुकानी सूर्यमालेवर बंदी घातली आहे.

मी शिक्षिका नाही. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीच्या क्वालिटी विभागात काम करते. सकाळी कंपनीची बस पकडायची, दिवसभर ओतलेले सुटे भाग मोजायचे आणि दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आकड्यांवर सहजासहजी विश्वास ठेवायचा नाही, असं माझं काम आहे. सुट्टी सोमवारी. माझा मुलगा बावड्यातल्या या शाळेत होता तेव्हा विज्ञानाच्या सरांनी एकदा प्रदर्शनाच्या आधी मदतीला बोलावलं. मुलगा दहावी होऊन बाहेर पडला, पुढे इंजिनिअर होऊन पुण्याला गेला. मी मात्र दिवाळीनंतरचे सोमवार अजून शाळेतच घालवते. सर मला मार्गदर्शक म्हणतात, मुलं बाई म्हणतात. मला दोन्ही चालतं.

गेल्या वर्षी प्रकल्प निवडायच्या दिवशी रांगेत सगळ्यात शेवटी सातवीतली एक मुलगी उभी होती. हातात ना पुठ्ठा, ना कात्री, ना इंटरनेटवरून काढलेली छापील पानं.

"तुझं काय?" मी विचारलं.

"मला मशीनला हरवायचंय."

वर्गात हशा पिकला. तीन मुलांचा एक गट इंजेक्शनच्या सिरिंजा आणि सलाईनच्या नळ्या लावून पाण्याच्या दाबावर चालणारा जेसीबी बनवत होता. त्यातला एक म्हणाला, "आधी आमच्या जेसीबीला हरव की!"

त्याला गप्प केलं आणि तिला बसवून सगळं विचारून घेतलं. तिचे वडील शाळेच्या पुढे दीड किलोमीटरवरच्या गुऱ्हाळावर गुळवे होते. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत आटवतात. त्याचा पाक नेमका कधी चुलीवरून उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. तर गुऱ्हाळाच्या मालकांनी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता. कुठेतरी काहिलीला थर्मामीटर बसवला होता आणि पाक तयार झाला की तो शिट्टी मारत होता.

"पुढच्या सुगीला तसलं मशीन बसवलं की गुळव्या कशाला पायजे, असं मालक म्हणाले," ती म्हणाली.

"मग?"

"मग पप्पा निपाणीकडं जाणार. तिकडं मामाच्या वळखीचं गुऱ्हाळ हाय. म्हंजे आम्ही समदीच जाणार. म्हंजे शाळा सुटली."

एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं तिने हे सांगितलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. मला ते बरं वाटलं. रडणाऱ्या मुलाला प्रकल्प शिकवणं फार अवघड जातं.

"हे बघ," मी म्हटलं, "हरवायचं वगैरे आपण इथे करत नाही. मोजायचं. तुझे पप्पा काहील उतरवायला सांगतात तेव्हा पाक किती गरम असतो?"

"म्हाईत न्हाय."

"त्यांना माहीत आहे?"

"त्यांनाबी न्हाय."

"प्रत्येक वेळी सारखाच गरम असतो का?"

"असणारच की," ती म्हणाली. मग जरा खालच्या आवाजात, "न्हाईतर मग अवघड हाय."

"तेच मोज," मी म्हटलं.

पुढच्या सोमवारी सकाळी कारखान्यातून गेटपास करून आणलेलं इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन मी गुऱ्हाळावर गेले. ते दिसायला पिस्तुलासारखं असतं. घोडा दाबला की समोर लाल ठिपका पडतो आणि त्या जागेचं तापमान पडद्यावर दिसतं. फौंड्रीत मी ते दिवसातून पन्नासदा वापरते, त्यामुळे इथे जरा ऐटीतच काढलं. पाक अगदी उतरायला आला होता. मी नेम धरला. एक्क्याण्णव. पुन्हा दाबलं, एकशेचार. तिसऱ्यांदा सत्त्याऐंशी.

मुलीचे वडील पलीकडे पळी घेऊन उभे होते. अंगात बनियन, डोक्याला टॉवेल, बोलणं मोजकं. त्यांनी दोन-तीन वेळा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं पिस्तूल वाफंला लागतंय. पाक खाली हाय."

चुलवाणात जाळ घालणारा गडी खो खो हसला. "वाफ मेली का बघा वो!"

ते बरोबर होतं. कारखान्यात मी कोरड्या साच्यांवर नेम धरते, तिथे वाफ नसते. वाफेत हे यंत्र फसतं हे मला माहीत असायला हवं होतं, आणि खरं तर होतं. मी यंत्र पिशवीत टाकलं आणि तो सोमवार नुसतं बघण्यात घालवला.

गुळव्यांनी पळीभर पाक पितळी पाटीतल्या गार पाण्यात सोडला. बोटांनी गोळा केला, गोळी वळली आणि पाटीच्या कडेवर मारली. टक असा आवाज आला. त्याबरोबर ते ओरडले, "उतरवा!" चार माणसांनी काहील उचलून वाफ्यात, म्हणजे सिमेंटच्या उथळ हौदात, पाक ओतला.

"आवाजावरून कळतं का?" मी विचारलं.

"आवाज हाय, वास हाय, बुडबुडं कसं फुटत्यात ते हाय. काय एक सांगायचं?" ते म्हणाले. "अंदाज असतोय."

अंदाज या शब्दाशी माझं वैर आहे. कारखान्यात कोणी 'अंदाजे पंचवीस मिलिमीटर' म्हटलं तर मी त्याला कॅलिपर घ्यायला परत पाठवते. गुऱ्हाळावर मात्र हाच शब्द मोठ्या मानाचा निघाला. जाळवाला गडी मला समजावत म्हणाला, "बाई, अंदाज समद्यांला नसतोय. माझं बघा, वीस वरसं जाळ घालतोय, पण मला अजून अंदाज न्हाय."

त्याच्या पुढच्या सोमवारी मी लांब दांड्याचा थर्मोकपल नेला. पोलादी सळईच्या टोकाला तापमान कळतं आणि तारेने जोडलेल्या डबीवर आकडा दिसतो. आधी तो बरोबर दाखवतो का हे बघायला मुलीला चहाच्या पातेल्यात पाणी उकळायला लावलं. पाणी खळाखळा उकळलं. डबीवर अठ्ठ्याण्णव.

"ह्ये बी बिघडलंय," ती म्हणाली. "पुस्तकात शंभर लिवलंय."

"पुस्तकातलं पाणी समुद्राकाठी उकळलंय. आपण समुद्रापासून किती उंचावर आहोत ते उद्या सरांना विचार."

तिने ते विचारलं, वर त्याचं कारणही विचारलं. सरांना एक अख्खा तास हवेचा दाब शिकवावा लागला. ते नंतर माझ्यावर जरा रागावले होते, कारण त्या तासाला त्यांना दुसरा धडा संपवायचा होता.

पद्धत मी तिला पक्की सांगितली. सळई बांबूला बांधायची, टोक पाकाच्या मधोमध, बुडाला लागू द्यायचं नाही. डबीवर पुठ्ठा धरायचा, म्हणजे आकडा पप्पांना दिसणार नाही. ते 'उतरवा' म्हणतील त्या क्षणी पुठ्ठा उचलायचा, आकडा बघायचा आणि लगेच पेनाने वहीत लिहायचा. खोडायचं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी लिहायचं. काहिलीत एका वेळी जेवढा रस आटवतात त्याला तिथे आदण म्हणतात. बारा आदणं मोजायची ठरली. गुऱ्हाळावर दोन काहिली होत्या, त्यामुळे शाळेच्या आधी सकाळी दोन उतरायच्या. सोमवारची पहिली दोन माझ्यासमोर झाली. एकशेसतरा आणि एकशेअठरा. मुलगी उड्या मारायची तेवढी राहिली होती. बाकीची दहा शनिवारपर्यंत तिने एकटीने मोजायची होती.

त्या आठवड्यात माझा प्रकल्पाशी संबंध एवढाच आला की शुक्रवारी सकाळी बसमधून मी तिच्या वडिलांना फोन केला. संमतीपत्रावर त्यांची सही राहिली होती आणि सर माझ्या मागे लागले होते. ते नीट बोलले. मी मुद्दे समजावत होते, तेवढ्यात मधेच "थांबा बाई, थांबा" म्हणाले आणि फोन कट झाला. मला वाटलं रेंज गेली.

पुढच्या सोमवारी तिने तक्ता आणला. प्रदर्शन बुधवारी होतं. अक्षर सुबक होतं आणि रकाने पट्टीने आखलेले होते. मधल्या रकान्याला 'पप्पांचा अंदाज' असं नाव होतं. सरांनी ते वाचून नाक मुरडलं. "अंदाज शास्त्रीय वाटत नाही. पारंपरिक अनुमान लिही."

"पप्पा अनुमान म्हणत न्हाईत," ती म्हणाली.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पाहत होते आकड्यांकडे. एकशेसतरा, एकशेअठरा, एकशेसतरा, एकशेसतरा, एकशेअठरा. बाराच्या बारा असेच. आमच्या कारखान्यात असे आकडे आले की मी उठून आधी खुर्ची कुठे आहे ते बघते. म्हणजे माणूस मशीनपाशी उभा राहून लिहितोय की खुर्चीत बसून.

सर दुसऱ्या गटाकडे गेल्यावर मी तिला विचारलं, "कच्ची वही कुठाय?"

"चुलवाणात पडली."

"कशी?"

"वाऱ्यानं."

"दोनशे पानी वही, वाऱ्याने?"

"लई वारं होतं, बाई."

मी तक्त्यावरून बोट फिरवत राहिले. मी काही बोलले नाही की माणसं आपण होऊन बोलतात, हे मी नोकरीत शिकले आहे. दोन-तीन मिनिटांनी तिने दप्तरातून वही काढून माझ्यापुढे सरकवली. पानांना रसाचे चिकट डाग होते, एक मुंगीही चिकटलेली होती. आकडे पेनाने, न खोडता, मी सांगितलं होतं तसेच लिहिलेले. दहा आदणं एकशेसोळा ते एकशेअठराच्या मधली होती. पाचवं होतं एकशेएकवीस. नववं, एकशेचोवीस.

"ही दोन बदललीस," मी म्हटलं.

"दोनच की, बाई. बारातली दोनच."

"आणि एकशेसोळाचे सतरा का केलेस?"

"ते दिसायला बरं दिसतंय."

"तक्ता पुन्हा लिहायचा. वहीत आहे तसा."

"न्हाय लिवणार."

"मग बुधवारी टेबल मिळणार नाही."

तिने मान वर केली. "मालक येणार हाईत बघायला. सरांनी त्यांना पत्रिका दिलीया. त्यांनी नववं वाचलं तर म्हणतील, बघा, गुळव्या चुकतोय. तुमचं काय जातंय, बाई? तुम्ही बसनं कागलला जाताय आणि बसनं परत येताय. निपाणीला आम्हाला जायचंय."

याला उत्तर देता आलं असतं. विज्ञान म्हणजे सत्य वगैरे भाषण सरांकडे तयार असतं. पण तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माझं खरंच काही जात नव्हतं. तरी खोटा तक्ता मी टेबलावर लावू देणार नव्हते, तिच्या वडिलांच्या नोकरीसाठीसुद्धा नाही. मी तिला तसं सांगितलं. तिने तक्त्याची गुंडाळी केली, रबर लावलं आणि वर्गात निघून गेली. वही माझ्याकडेच राहिली.

शाळा सुटल्यावर साडेपाचला मी स्कूटरवरून गुऱ्हाळावर गेले. ती सायकलवरून माझ्या आधी पोचून दारात उभी होती. मी काय करणार हे तिला कळलं होतं. मला वाटतं, मी काय करणार हे मलाच नक्की माहीत नव्हतं. मी वही उघडून सरळ तिच्या वडिलांसमोर धरली. "ही दोन वेगळी का आली?" एवढंच विचारलं. तक्त्याबद्दल काही बोलले नाही.

त्यांनी हात पुसले, वही लांब धरून वाचली.

"पाचवं हे बुधवारचं व्हय? ते पडक्या उसाचं. नदीकडच्या रानात पाणी आलतं, ऊस आडवा झालता. तसल्या रसाचा गूळ बसत न्हाय. त्याला चढ जाळ लागतोय, पाक जरा पुढं न्यावा लागतोय."

"किती पुढे?"

"आता ते तुमी मोजलंय की," ते हसले. "तीन-चार डिग्री दिसतंय. मला कुठं म्हाईत होतं?"

"एकशेअठराला उतरवला असता तर?"

"मऊ पडला असता. ढेप बसली नसती."

मी मुलीकडे बघितलं. ती तोंड उघडं टाकून ऐकत होती. थर्मामीटरवाल्या मशीनने एकशेअठराला शिट्टी मारली असती आणि ते सबंध आदण वाया गेलं असतं. तिला जे दाखवायचं होतं ते याच आकड्यात होतं, आणि नेमका तोच तिने पुसला होता.

"आणि नववं?" मी विचारलं.

गुळव्यांनी वही मिटली. मुलगी घाईने म्हणाली, "पप्पा, असू दे."

"नववं चुकलं," ते म्हणाले. "करपलं. काळा गूळ आला."

"कशामुळे?"

त्यांनी टॉवेल डोक्यावरून काढून पुन्हा बांधला. जाळवाल्या गड्याने चुलवाणातून डोकं वर काढलं आणि त्यांच्याऐवजी तोच बोलला, "बाई, तुमचाच फोन आलता की! ह्यो हितं गोळी बघायचं सोडून 'व्हय बाई, न्हाय बाई' करत हुबा. मी आराडतोय, अवो करपतंय, करपतंय!"

"ए, गप," गुळवे त्याला म्हणाले. मग मला म्हणाले, "फोन कुणाचाबी असू दे, ध्यान माझं गेलं."

मुलगी जमिनीकडे बघत होती. "तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी हितंच हुबी होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला काय म्हणायचं? तुम्ही म्हणला असता, खोटं बोलतीया."

कारखान्यात एखादा भाग बिघडला की त्याचं कारण शोधायची एक ठरलेली रीत आहे. का, का, असं विचारत मागे मागे जायचं. एवढ्या वर्षांत मी अशा शेकडो तपासण्या केल्या असतील. त्यांपैकी एकीच्याही टोकाला मी स्वतः उभी नव्हते. मी स्कूटरच्या सीटवर टेकले. जाळवाल्याने मला पेल्यातून रस आणून दिला. तो प्यायला, आणि मग मला हसूच आलं.

"मग लिही की," गुळवे मुलीला म्हणाले. "बाई सांगत्यात तसं लिही. दोनीबी."

म्हणजे तक्त्याचं त्यांनाही समजलं होतं.

"मालक वाचतील, पप्पा."

"मालकानं त्यो काळा गूळ डोळ्यांनी बघितलाय. बघितल्यावर वाचायचं काय राहिलं?"

तिने मंगळवारी तक्ता नव्याने लिहिला. शेवटी 'कारण' नावाचा एक रकाना वाढवला. तो मी तिला सांगितला नव्हता. पाचव्यासमोर लिहिलं, 'पडका ऊस, म्हणून पप्पांनी मुद्दाम जास्त आटवला.' नवव्यासमोर लिहिलं, 'मार्गदर्शक बाईंचा फोन.'

सर संध्याकाळी फोनवर म्हणाले, "अहो, हे बरं दिसतं का?"

"खरं आहे," मी म्हटलं. "राहू द्या."

बुधवारी मी रजा काढली. तिच्या टेबलावर काहीच हलणारं नव्हतं. तक्ता, थर्मोकपल, गार पाण्याची पितळी पाटी आणि तीन बश्यांत गुळाचे खडे. तिसरं आदण, पाचवं आदण, नववं आदण. शेजारच्या टेबलावर जेसीबी कुरमुऱ्यांचे ढीग उपसत होता आणि सगळी शाळा तिथे लोटली होती. अकरा वाजेपर्यंत तिसऱ्या आदणाची बशी रिकामी झाली. पाचव्याची साडेअकराला. नमुने खायचे नसतात, अशी पाटी तिने लावली, पण तोवर उशीर झाला होता. नवव्याला कोणी हात लावला नाही, त्यामुळे तो पुरावा शेवटपर्यंत टिकला.

परीक्षकांपैकी एकांनी विचारलं, "यात मॉडेल कुठंय?"

"मॉडेल न्हाय, सर. मोजमाप हाय," ती म्हणाली.

"हो, पण बनवलंय काय?"

"गूळ."

ते हसले आणि पुढे गेले. दुसऱ्या परीक्षक बाई मात्र थांबल्या आणि आकडा झाकायला पुठ्ठा का धरला, ते त्यांनी विचारलं. तिने नीट सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास मालक आले. वयाने गुळव्यांपेक्षा लहान, इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. त्यांच्यामागे गुळवे स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, पाहुण्यासारखे अवघडून चालत होते. मुलीने मालकांना पहिल्या आदणापासून सगळं सांगितलं. पाचव्यापाशी मालक थांबले.

"मामा, हे तुम्ही मला कधी बोलला न्हाईसा," ते गुळव्यांना म्हणाले.

"तुमी इचारलं न्हाईसा," गुळवे म्हणाले.

मालकांनी पुन्हा तक्ता वाचला. नवव्यापाशी त्यांचं बोट थांबलं. मुलगी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून उभी होती. मी तिच्या शेजारी होते. मलाही काही धरावंसं वाटलं, पण धरायला थर्मोकपलची डबीच होती.

"मार्गदर्शक बाई कोण?" मालकांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमच्यामुळं माझं एक आदण करपलं म्हणा की."

"हो. पुन्हा सकाळी फोन करणार नाही."

ते हसले, पण लगेच थांबले. नवव्या बशीतला काळा खडा उचलून वास घेतला, परत ठेवला. मग गुळव्यांना म्हणाले, "मामा, मशीन मी बसवणार बगा. फोन आला तरी ते शिट्टी मारंल."

"बसवा की," गुळवे म्हणाले.

मुलीचा चेहरा पडला.

"पण पडका ऊस आला, खारवट रानातला आला, तर ती शिट्टी कितीला लावायची ते सांगायला कोण?" मालक म्हणाले. "मशीन काय उसाचं तोंड वळखतंय? तुमी कुटं जायचं न्हाय. निपाणीचं मला कळलंय. तुमची पोरगी समद्या वर्गाला सांगतीया."

गुळव्यांनी टॉवेल चाचपला, पण त्या दिवशी तो डोक्यावर नव्हता. मुलगी खाली वाकली आणि टेबलाखाली काहीतरी शोधायला लागली. तिथे काही नव्हतं. मी तिला तिच्या वेळेने वर येऊ दिलं.

पहिला नंबर जेसीबीला मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता, मुलांनी नळ्यांची गळती थांबवायला फार मेहनत घेतली होती. तिला उत्तेजनार्थ मिळालं. प्रमाणपत्रावर प्रकल्पाचं नाव छापलं होतं, 'गूळनिर्मितीतील पारंपरिक अनुमान'. सरांनी शेवटी आपलं खरं केलंच. तिने घरी जायच्या आधी 'अनुमान' या शब्दावर एक आडवी रेघ मारली, शेजारी 'अंदाज' लिहिलं आणि सही केली. चूक कशी दुरुस्त करायची हे मीच शिकवलं होतं, तेव्हा मला बोलायला जागा नव्हती.

यंदा ती आठवीत आहे, त्याच शाळेत. परवाच्या सोमवारी मी गुऱ्हाळावर गेले होते. खांबाला नवी डबी बसवली आहे, तिच्यातून तार काहिलीत सोडली आहे. पाक उतरायला आला, गुळव्यांनी गोळी वळून पाटीवर मारली, टक. ते ओरडले, "उतरवा!" त्यानंतर डबीने शिट्टी मारली. त्यांनी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही.

"किती?" त्यांनी मुलीला विचारलं.

"एकशेसतरा," ती म्हणाली आणि वहीत लिहिलं. या वर्षी तिला पडक्या उसाचे बारा नमुने मोजायचे आहेत. मी माझा फोन बंद करून पिशवीत टाकला आणि सळई धरायला पुढे झाले.